यादीतल्या चौतीस जागा: ॲनिमेच्या गावांना निघालेल्या मायलेकींचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी पुण्यात जपानी शिकवते. पूर्वी वर्गात येणारी बहुतेक मुलं नोकरीसाठी यायची. आता अर्धा वर्ग ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या मालिका-चित्रपट, बघून आलेला असतो आणि पहिल्या दिवसापासून त्यांचे उच्चार माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपेक्षा बरे असतात. त्यांतल्याच एका विद्यार्थिनीची आणि तिच्या आईची ही हकिगत आहे. दोघींच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं घेतलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

मुलगी बावीस वर्षांची, नुकतीच पदवी झालेली, जपानीच्या परीक्षेची एन-३ ही मधली पातळी उत्तीर्ण. आई सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि २०२४ च्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. गावात सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून इथेही बाईच म्हणते. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा त्यांनी लेकीला विचारलं, तुला काय हवं? लेक म्हणाली, जपान. बाईंची धाकटी बहीण तोक्योच्या निशी-कासाई भागात राहते. भारतीयांची मोठी वस्ती आहे तिथं, वाणसामान मिळतं, त्यामुळे बाईही तयार झाल्या. नोव्हेंबरचा शेवट ठरला. प्रवासाचे दिवस सोडून हातात नऊ दिवस.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ॲनिमेत दिसणाऱ्या खऱ्या जागा शोधून तिथं जाण्याला जपानीत ‘सेइची जुनरेइ’ म्हणतात. सेइची म्हणजे पवित्र स्थान आणि जुनरेइ म्हणजे यात्रा. मुळात हा शब्द देवाधर्माचाच. शिकोकू बेटावर ८८ देवळांची यात्रा आहे, आणि ॲनिमे टुरिझम असोसिएशन ही संस्था दरवर्षी ॲनिमेशी जोडलेल्या ८८ जागांची यादी काढते, ती त्याच आकड्याला धरून. २०१६ मध्ये दिग्दर्शक माकोतो शिनकाईंचा ‘किमी नो ना वा’ हा ॲनिमे चित्रपट आला आणि हा शब्द घरोघरी पोचला. त्या वर्षी जपानमधल्या सर्वांत गाजलेल्या दहा शब्दांत तो होता.

जागा इतक्या हुबेहूब जुळतात कारण चित्रकार कल्पनेनं काढत बसत नाहीत. आधी मंडळी कॅमेरे घेऊन गावं हिंडतात. याला तिकडे ‘रोकेहान’ म्हणतात. त्या फोटोंवरून पार्श्वभूमी रंगवतात, त्यामुळे विजेचा खांब, कठड्याचा रंग, दुकानाची पाटी सगळं जागच्या जागी असतं. चाहता मोबाइलवर स्क्रीनशॉट धरतो, दोन पावलं मागे सरकतो, जरा वाकतो आणि फ्रेम जुळली की त्याच्या अंगावर काटा येतो. मी हे पाहिलं आहे आणि त्याला हसत नाही. आळंदीला भिंतीला हात लावणाऱ्या माणसाला कोण हसतं?

अडचण

मुलीनं यादी आणली तीत चौतीस जागा होत्या. तोक्यो, कामाकुरा, हिदा, सुवा सरोवर, क्योतो, उजी, शिगा. प्रत्येकीसमोर ॲनिमेचं नाव, भागाचा क्रमांक, मिनिट आणि सेकंद. परीक्षेच्या अभ्यासापेक्षा नीटनेटकी.

बाईंची यादी तोंडी होती. फुजी पर्वत दिसावा, क्योतोची देवळं व्हावीत, कामाकुराचा मोठा बुद्ध बघायचा आहे. आणि उठता उठता म्हणाल्या, “एखादी शाळा बघायला मिळाली तर बरं होईल, मॅडम.” मी मान डोलावली. वहीच्या कोपऱ्यात ‘शाळा?’ असं लिहिलं आणि विसरले. ती वही अजून आहे माझ्याकडे.

याशिवाय बाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. जपानमध्ये मांस टाळता येतं पण ‘दाशी’ टाळणं कठीण. वाळवलेल्या माशाच्या किसाचं ते पाणी डाळीत हिंग पडावं तसं सगळीकडे पडतं. त्यांचा उजवा गुडघाही दुखत होता, आणि ॲनिमेवाल्यांना जिने आणि टेकड्या भारी आवडतात. नोव्हेंबरचा शेवट म्हणजे क्योतोत पानं लाल होण्याचा मोसम. गर्दी मरणाची आणि खोल्यांचे दर चढलेले.

खरी अडचण मात्र निराळीच होती आणि ती मला तेव्हा दिसली नाही. मी दोन याद्या समोरासमोर ठेवल्या, एक ॲनिमेची आणि एक ‘खऱ्या जपानची’, आणि त्यांच्यात तडजोड घडवायला बसले.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय टूर कंपनीचा. तोक्यो, हाकोने, क्योतो, ओसाका, जेवण भारतीय, आणि ॲनिमेसाठी तोक्योत एक मोकळा दिवस. बाईंना चालला असता. मुलगी काही बोलली नाही, म्हणजे नको होता.

दुसरा, मुलीची अख्खी यादी, रेल्वेचा सात दिवसांचा जेआर पास काढून. इथं एक व्यवहाराची गोष्ट आहे. बऱ्याच जुन्या सल्ल्यांमध्ये पास डोळे झाकून घ्या असं असतं. ते २०२३ च्या ऑक्टोबरपूर्वीचं. तेव्हा सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला होता, त्या ऑक्टोबरात तो ५०,००० येनवर गेला. आम्ही कागदावर हिशेब मांडला. शिंजुकूहून ताकायामाला थेट बस जाते, साधारण साडेपाच तास आणि सात-आठ हजार येन. ताकायामाहून नागोयामार्गे क्योतो रेल्वेनं दहा हजारांच्या आसपास. क्योतोहून तोक्यो शिनकानसेननं चौदा हजार. बेरीज बत्तीस हजार. पास घेतला असता तर माणशी अठरा हजार येन पाण्यात गेले असते, शिवाय ‘पास आहे तर वसूल करू’ म्हणून रोज दोन गावं धावत गाठली असती ती वेगळीच.

तिसरा पर्याय मुलीनंच सुचवला: आई मावशीकडे राहील, मी चार दिवस एकटी फिरून येते. मला तो व्यवहार्य वाटला होता. पण बाई म्हणाल्या, “एवढ्या लांब जाऊन बहिणीकडे भाजी निवडत बसू का?” विषय संपला.

चौथा पर्याय आम्ही निवडला. ज्या गावांत दोघींच्या याद्या एकमेकींवर पडतात तीच गावं घ्यायची. कामाकुरात बुद्ध आहे आणि ‘स्लॅम डंक’ या ॲनिमेतलं रेल्वे फाटकही, दोन्ही एनोदेन या एकाच छोट्या रेल्वेवर. उजीत ब्योदोइन देऊळ आहे, दहा येनच्या नाण्यावरचं, आणि ‘हिबिके! युफोनियम’ या ॲनिमेतली अख्खी वस्ती. ताकायामाची जुनी लाकडी पेठ बाईंना आवडली असती आणि तिथून पंधरा-वीस मिनिटांवर हिदा-फुरुकावा, ‘किमी नो ना वा’चं स्टेशन. बाकीच्या जागा खोडल्या. खोडताना प्रत्येकीसमोर कारण लिहिलं: ‘लांब’, ‘गुडघा’, ‘फक्त ॲनिमे’.

ही निवड अजूनही मला बरोबर वाटते. खोडताना मात्र घाई केली. ते पुढे येईल.

एका जागेवर वाद झाला. मुलीला क्योतोच्या फुशिमी भागात क्योतो ॲनिमेशन या ॲनिमे बनवणाऱ्या कंपनीच्या पहिल्या स्टुडिओच्या जागी फुलं वाहायची होती. १८ जुलै २०१९ ला तिथं आग लावली गेली आणि ३६ माणसं गेली. मी नाही म्हटलं. इमारत केव्हाच पाडली आहे, आजूबाजूला लोकांची घरं आहेत, आणि तिथं येऊ नका असं कंपनीनंच लोकांना सांगितलेलं आहे. मुलगी म्हणाली, “सेन्सेई, मी फक्त दोन मिनिटं उभी राहीन.” प्रत्येकजण दोनच मिनिटं उभा राहतो, हे मी तिला सांगितलं. २०२४ च्या जुलैत त्यांच्या आठवणीसाठी उजीत, नदीजवळच्या एका बागेत, स्मारक उभं राहिलं आहे. तिथं जायचं ठरलं.

पहिला निर्णयबिंदू: लाल कठड्याचा जिना

तोक्योतल्या योत्सुयाजवळ सुगा देवस्थान आहे. त्याच्याकडे जाणारा लाल कठड्याचा जिना ‘किमी नो ना वा’च्या चाहत्यांना पाठ असतो. मी वेळ सकाळी आठची दिली होती, गर्दी नसते म्हणून.

माझी चूक इथं झाली. देवळात, बाजारात, किल्ल्यावर सकाळी लवकर जाणं शहाणपणाचं असतं. हा जिना रहिवासी गल्लीतला. सकाळी आठ म्हणजे शाळेची, ऑफिसची, कचरा बाहेर ठेवण्याची वेळ. पर्यटक नसतात, पण घरातली माणसं सगळी त्याच वेळेला बाहेर पडतात.

मुलीनं जिन्याच्या पायथ्याशी ट्रायपॉड लावला. वर जायचं, वळायचं, टायमर, खाली येऊन बघायचं, पुन्हा वर. बाई गुडघ्यामुळे बाजूला कठड्याला टेकून होत्या. पंधरा मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं की वरच्या बाजूला एक म्हातारी, हातात पिशवी, भिंतीला लागून उभी आहे. ती उतरत नव्हती, वैतागलेलीही दिसत नव्हती. बरोबर फ्रेमच्या बाहेर उभी होती.

“अगं, त्या कधीच्या थांबल्यात,” बाई म्हणाल्या.

मुलीनं धावत जाऊन माफी मागितली. म्हातारी वाकून “दोउझो” म्हणाली, म्हणजे चालू द्या, आणि कठडा धरून सावकाश उतरून गेली. दुसरं काही झालं नाही. ना पोलीस, ना भांडण. पण रात्री मुलीचा मला फोन आला तो रडवेला. “त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना माहीत होतं फ्रेम कुठं संपते ते. म्हणजे रोज कुणीतरी येतं ना असं?”

मी काही उत्तर दिलं नाही. ते तिला माहीत होतंच. ट्रायपॉड मावशीकडे ठेवून जायचं तिनंच ठरवलं.

दुसरा निर्णयबिंदू: फाटक की फलाट

दुसऱ्या दिवशी कामाकुरा. ‘कामाकुराकोको-माए’ स्थानकाजवळचं ते फाटक ‘स्लॅम डंक’च्या नव्वदच्या दशकातल्या मालिकेच्या शीर्षकगीतात आहे. मागे समुद्र, पुढून हिरवी-पिवळी एनोदेन. २०२२ च्या डिसेंबरमध्ये चित्रपट आला, तो आशियाभर चालला, आणि आधीच गर्दीचं असलेलं हे फाटक पार घुसमटलं. लोक फोटोसाठी रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, गाड्या अडतात. महापालिकेला तिथं पहारेकरी नेमावे लागले. एनोदेन म्हणजे जेमतेम दहा किलोमीटरची एकेरी रेल्वे, चौदा मिनिटांनी एक गाडी. गाडी आली की सगळे एकदम पुढे सरकतात. पुढच्या गाडीपर्यंत कुणी हलत नाही. मुंबईकरांनी सिद्धिविनायकाची मंगळवारची रांग आठवावी, पण ती चालत्या रस्त्यावर आहे असं समजून.

मी तीन वाटा सांगितल्या. ठरल्याप्रमाणे जाणं, फाटक सोडून देणं, किंवा लांबून समुद्राकडच्या बाजूनं बघणं. मुलीनं चौथी काढली. ती स्थानकावर उतरली आणि बाहेर पडलीच नाही. त्या स्थानकाचा फलाटच समुद्रासमोर आहे. मधे फक्त रस्ता. दोघी बाकावर बसल्या, बाईंनी पिशवीतून मेतकूट लावलेले पोह्यांचे डबे काढले, आणि त्यांनी तीन गाड्या जाऊ दिल्या. वाळू काळी आहे हे बाईंना आवडलं नाही, कोकणातली पांढरी बरी म्हणाल्या. चौथ्या गाडीनं हासेला, बुद्धाकडे.

फाटकाचा फोटो नाही. याची मुलीला हुरहुर आहेच. तिनं मला तसं स्पष्ट सांगितलं आणि ते इथं लिहायला सांगितलं: “मला पश्चात्ताप नाही असं लिहू नका. थोडा आहे.”

तिसरा निर्णयबिंदू: ज्या गाडीचा फोटो, तीच गाडी

शिंजुकूहून बस सकाळी निघाली. ही बस सुवा सरोवराजवळून जाते. ‘किमी नो ना वा’तलं इतोमोरी हे गाव कुठंच नाही, ते काल्पनिक आहे, पण त्यातल्या तळ्याची आठवण अनेकांना सुवाच्या वरून दिसणाऱ्या देखाव्यात होते. शिनकाई त्याच नागानो प्रांतातले. मुलीनं यादीतली ती जागा बसच्या खिडकीतून पुरी केली. बाई तेव्हा झोपल्या होत्या.

ताकायामात मुक्काम, दुसऱ्या दिवशी हिदा-फुरुकावा. स्टेशनजवळ रुळांवरून जाणारा पादचारी पूल आहे आणि चित्रपटातली ती चौकट तिथून जुळते: खाली फलाट, त्यावर उभी ‘हिदा’ एक्स्प्रेस. मी वेळापत्रक बारकाईनं केलं होतं. दुपारच्या एक्स्प्रेसचा पुलावरून फोटो आणि मग ताकायामाला परत.

गाडी आली. मुलगी पुलावर, बाई सामानासह फलाटावर. मुलीनं स्क्रीनशॉट धरला आणि थांबली. ही ती गाडी नव्हतीच. चित्रपटात दिसतात ते डिझेलचे जुने किहा-८५ डबे. त्या जातीच्या गाड्या ‘हिदा’वरून २०२३ च्या मार्चमध्ये निवृत्त झाल्या आणि आता एचसी-८५ ही नवी हायब्रिड गाडी धावते. डबे निराळे, चेहरा निराळा. मुलीला हे माहीत होतं, पण वाचून माहीत असणं वेगळं. ती तशीच फोटो काढत राहिली, आणि खालून बाई हाका मारत होत्या, कारण परतीची गाडी तीच होती. माझ्या कागदावर एका रकान्यात ‘१ फोटो’ आणि पुढच्या रकान्यात ‘गाडी पकडणे’ असं होतं, दोन्हीसमोर एकच वेळ. तीन वेळा तपासलेला कागद! फलाटावर उतरायला लागणारी मिनिटं मी धरलीच नव्हती.

गाडी गेली. पुढची बऱ्याच वेळानं. बाई चिडल्या. “फोटोत गाडी आहे आणि गाडीत आपण नाही,” असं त्या म्हणाल्याचं मुलगी अजून नक्कल करून सांगते.

आता काय करायचं, हा निर्णय त्यांनी मला न विचारता घेतला आणि सबंध प्रवासातला तो सर्वांत चांगला ठरला. स्टेशनवर न बसता गावात जायचं आणि फ्रेमा शोधायच्या नाहीत.

फुरुकावा लहान गाव आहे. पांढऱ्या भिंतींच्या कोठारांच्या मागून सेतोगावा नावाचा दगडी ओढा वाहतो, त्यात एरवी शेकड्यांनी रंगीत कोई मासे असतात. हिवाळ्यात ते बाजूच्या तळ्यात हलवतात आणि एप्रिलमध्ये परत सोडतात. या पोचल्या तेव्हा ओढा नुकताच रिकामा झाला होता. बाईंना मासे नसल्याचं वाईट वाटण्याऐवजी, माशांना थंडीचं दुसरीकडे नेतात याचं कौतुक वाटलं. मग गावाचं ग्रंथालय, जे चित्रपटात आहे. तिथं काउंटरवर सांगून आणि वाचणाऱ्यांचे चेहरे येणार नाहीत याची काळजी घेऊन फोटो काढू देतात. मुलीनं सांगितलं, काढले दोनच. बाई लहान मुलांच्या विभागात जाऊन बसल्या आणि चित्रांची पुस्तकं उघडून बघत राहिल्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

तिथून बाहेर पडून एका दुकानात ‘कुमिहिमो’ची दोरी विणायला शिकवतात असं दिसलं. चित्रपटात या रंगीत दोरीला फार महत्त्व आहे. मुलीला करायचं होतं आणि बाई सोबत म्हणून बसल्या. मधे भोक असलेला गोल, कडेला लटकणारे वजनाचे धागे, एक उजवीकडून तिकडे, एक डावीकडून इकडे. दोन मिनिटं बघून बाई म्हणाल्या, “हा तर गोफ.” आणि लेकीच्या हातातून घेऊन विणायला लागल्या. लहानपणी त्यांच्या आजीकडे करगोटे घरी विणले जायचे. दुकानातली बाई जपानीत सूचना देत होती, या मराठीत “हो हो, कळलं” म्हणत होत्या, आणि मधे बसलेल्या दुभाष्याची गरज कुणालाच उरली नव्हती.

खाण्याचंही तिथं जमलं. मी जपानीत एक कार्ड लिहून दिलं होतं: मांस, मासे, अंडी, दाशी चालत नाही. तोक्योत उदोन, म्हणजे जाड शेवया, विकणाऱ्या एका दुकानदारानं ते वाचून हात जोडून ‘नाही जमणार’ म्हटलं होतं. बाईंना त्याचाही आदर वाटला, निदान खोटं बोलला नाही म्हणून. इथं मात्र काडीला लावून भाजलेली भाताची ‘गोहेइ-मोची’ विकणाऱ्या माणसानं कार्ड वाचलं, आत जाऊन आपल्या सॉसचं लेबल आणलं, दोघांनी मिळून एकेक शब्द वाचला, आणि मग बाईंनी दोन खाल्ल्या.

क्योतो आणि उजी

क्योतोबद्दल थोडक्यात: गर्दी होती, पानं लाल होती, बाईंना आवडलं, मुलीला कंटाळा आला.

उजीत ब्योदोइन झालं. देवळाचं मुख्य दालन १०५३ सालचं. मग मुलगी दाइकिचीयामा टेकडीवर एकटी चढली आणि बाई नदीकाठी बसल्या. संध्याकाळी दोघी स्मारकाकडे गेल्या. मुलगी उभी राहिली. बाईंनी विचारलं, किती जण? छत्तीस. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कुणाच्या तरी वर्गातली पोरं असतील.” फोटो काढला नाही. कुणी मनाई केली नव्हती.

निष्पत्ती

चौतीसपैकी अकरा जागा झाल्या, बसच्या खिडकीतली धरून. स्क्रीनशॉटशी बऱ्यापैकी जुळलेले फोटो चार. खर्च अंदाजापेक्षा थोडा कमी आला, त्याचं मोठं कारण पास न घेणं. गुडघा फक्त एकदा दुखला, क्योतोत. फुजी दिसला नाही, ढग होते.

परत आल्यावर मुलीनं फोटोंसोबत जागांचे पत्ते लिहिले, पण जिन्याखाली पत्त्याऐवजी एवढंच लिहिलं: ‘सकाळी जाऊ नका, लोक कामाला निघतात.’ बाईंनी विणलेला गोफ घराच्या किल्लीला आहे. त्यांनी चित्रपट परत आल्यावर पाहिला, पहिल्यांदाच.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट हीच. चित्रपट आधी दोघींनी मिळून बघायला हवा होता. बाई आठवडाभर अशा जागांवर उभ्या राहिल्या ज्यांची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. घरी बघताना त्यांनी तीन वेळा थांबवून “हे तर आपण पाहिलं!” म्हटलं. तो आनंद तिथं, जागेवर मिळायला हवा होता. मला हे सुचलं नाही याचं कारण लाजिरवाणं आहे: आईला ॲनिमे आवडणार नाही असं मी धरून चालले होते.

दुसरी, राहत्या वस्तीतल्या जागांसाठी ‘गर्दी कधी नसते’ हा प्रश्न चुकीचा आहे. तिथल्या माणसांना ती जागा कधी लागते, ते विचारायला हवं. आता मी अशा जागांना सकाळी दहा ते बाराची वेळ देते. प्रकाश वाईट असतो. असू दे.

तिसरी, फुरुकावाला मुक्कामच करायला हवा होता. गाडी चुकली नसती तर त्या गावाची त्यांची सगळी ओळख एका पुलापुरती राहिली असती, आणि मी तो आराखडा यशस्वी मानला असता.

चौथी गोष्ट मला जानेवारीत कळली. मुलगी जुनी यादी आवरत होती आणि बाई शेजारी बसून खोडलेल्या जागांचे फोटो बघत होत्या. सत्तावीस क्रमांकाला एक शाळा होती. शिगा प्रांतातल्या तोयोसातोची जुनी प्राथमिक शाळा, १९३७ साली बांधलेली, मूळच्या अमेरिकन विल्यम मेरेल व्होरीझ या वास्तुरचनाकारानं. ती पाडायचं घाटत होतं तेव्हा गावकरी विरोधात उभे राहिले, कोर्टापर्यंत गेले, आणि इमारत वाचली. २००९ मध्ये आलेल्या ‘के-ऑन!’ या ॲनिमेतली शाळा हुबेहूब तिच्यासारखी आहे, म्हणून चाहते तिथं जातात. जिन्याच्या कठड्यावर धातूचे ससा आणि कासव बसवले आहेत. पायऱ्या चढत जाल तशी शर्यत पुढे सरकते. क्योतोहून सव्वा-दीड तास लागतो. बघायला पैसे पडत नाहीत.

तिच्यासमोर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘लांब, फक्त ॲनिमे’.

बाईंचा त्याच संध्याकाळी फोन आला. रागावल्या नव्हत्या. शाळेला मैदान केवढं आहे, वर्ग उघडे असतात का, गावकऱ्यांनी नेमकं काय केलं, असं विचारत राहिल्या. पुढच्या वर्षी बहीण बोलावते आहे म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, तीन मजले आहेत हो, गुडघ्याचं काय?

“जिन्याला कठडा आहे ना?” त्या म्हणाल्या. “मग झालं.”